सदतीस गप्प चाचण्या

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी शालनबाई चौगुले यांनी चहाचे आधण ठेवले. त्याआधी त्यांनी नवऱ्याचे तोंड ओल्या फडक्याने पुसले होते, मानेच्या उजव्या बाजूला उशी सरकवली होती आणि चाकांच्या खुर्चीचा ब्रेक लावला होता. मिरजेच्या किल्ला भागातील त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात या तीन गोष्टी चार वर्षे याच क्रमाने होत होत्या. चहा गाळल्यावर त्यांनी एका कपात चमचाभर पांढरी पूड ढवळली. दत्ताजीरावांना पातळ काही गिळताना ठसका लागे, म्हणून त्यांचा चहा दाट करून चमच्याने पाजावा लागत असे.

"अहो, चहा पाजू का?"

क्षणभर काही झाले नाही. मग खुर्चीच्या पाठीला लावलेल्या छोट्या स्पीकरमधून दत्ताजीरावांचा आवाज आला, "कडक केलायस ना? पाणचट नको."

"पाणचट? चाळीस वर्षांत एकदा तरी पाणचट पाजलाय का वो मी तुम्हाला?"

"बरं, बरं. आण."

वेणी घालत असलेली इरावती आतून म्हणाली, "आई, दिवस उजाडला नाही तोवर कशाला भांडता गं?"

"मी कुठं भांडते? ह्यांनाच खोडी काढल्याशिवाय चहा जात न्हाई. व्हय का न्हाई वो?"

"पेपर आला का?" स्पीकरने विचारले.

"घ्या! छापील पेपर बंद पडून वर्ष होत आलं, आणि हे रोज विचारतात." शालनबाईंनी चमचा नवऱ्याच्या ओठांशी नेला. "विसरतात आता," त्या मुलीकडे पाहून हळूच म्हणाल्या.

दत्ताजीराव नगर भूमापन कार्यालयातून निवृत्त झाले होते. साठाव्या वर्षी झालेल्या पक्षाघाताने त्यांचे हात, पाय आणि वाचा नेली, समज मात्र नेली नाही. मेंदूतील वाचेच्या भागावर ठेवलेली तलम जाळी, गळपट्टीच्या हाडाखालचे रुपयाएवढे यंत्र आणि खुर्चीवरचा स्पीकर, या सगळ्याला मिळून 'वाचासेतू' म्हणत. माणूस जे बोलू पाहतो त्याच्या लाटा यंत्र ओळखी आणि त्यांचे शब्द करी. आवाज मात्र इरावतीच्या मावशीच्या लग्नाच्या जुन्या चित्रफितीतून घेतलेला होता, त्यामुळे तो चाळिशीतल्या दत्ताजीरावांचा होता. पाहुण्यांना प्रथम ते विचित्र वाटे. घरच्यांना आता वाटत नसे.

इरावती निघताना वडिलांसमोर वाकून म्हणाली, "अण्णा, येऊ?"

"जपून जा," आवाज म्हणाला.

*

इरावतीचे कार्यालय सांगली रस्त्यावर होते. 'अनुनाद' या छोट्या कंपनीने वाचासेतू घडवला होता आणि राज्याबाहेर धरून अकरा हजार रुग्णांच्या अंगात तो चालत होता. त्या यंत्राची कार्यप्रणाली, तिचे नाव 'पाया', इरावतीच्या विभागाकडे होती. तिच्याही तळाशी सी भाषेत लिहिलेल्या लायब्रऱ्या होत्या. अक्षरे जुळवणे, वेळ मोजणे, स्मृतीतील जागा देणे-घेणे अशी जी कामे प्रत्येक प्रोग्रामला लागतात, ती तिथे एकदाच लिहून ठेवलेली असतात.

यंत्रातील चिप बनवणारा परदेशी कारखाना बंद पडला होता. शिल्लक साठा आता जेमतेम आणखी तीन महिने पुरला असता. नवी चिप निवडली गेली, परंतु जुन्या कंपायलरला नव्या चिपची भाषा येत नव्हती. माणसाने लिहिलेल्या सी भाषेचे चिपच्या आज्ञांमध्ये रूपांतर करतो तो कंपायलर. तो बदलला म्हणजे मजकूर तोच ठेवून सारे पुन्हा घडवायचे. कागदावर हे काम यांत्रिक दिसते. सात महिने त्यात घालवल्यावर इरावतीला कळले होते की आपण ज्याला सी भाषा समजत होतो, त्यातील बराचसा भाग एका विशिष्ट कंपायलरच्या सवयींचा होता. भाषेच्या नियमांत काही प्रश्नांना मुळी उत्तरच नसते. तिथे प्रत्येक कंपायलर आपापल्या मर्जीने वागतो, आणि एकाच कंपायलरबरोबर पंधरा वर्षे राहिलेल्या लोकांना ती मर्जी म्हणजेच नियम वाटू लागतो.

तौफिक मुल्ला चाचण्या पाहत असे. तिशीचा, बडबड्या, कामाला चोख.

"ताई, अभिनंदन. चार हजार एकशे बारापैकी चार हजार पंच्याहत्तर पास."

"उरलेल्या सदतीस?"

"त्यांनी मौनव्रत घेतलंय. जुनं यंत्र बोलतंय, नवं गप्प. चुकीचं बोललं असतं तर समजलो असतो. हे बोलतच नाही."

चाचण्यांची पद्धत अशी होती. रुग्णांच्या परवानगीने घेतलेल्या खऱ्या लाटा जुन्या यंत्राला दिल्या जात आणि ते जे बोले ते 'प्रमाण उत्तर' म्हणून जपून ठेवले जाई. नव्याने अक्षरशः तेच बोलायला हवे. ही पद्धत विभागात इतकी मुरली होती की जुने यंत्र स्वतः बरोबर आहे का, हे विचारण्याची जागाच तिच्यात ठेवलेली नव्हती.

इरावतीने पहिली गप्प चाचणी उघडली. रुग्णाला कोणी काही विचारले होते, यंत्र ऐकून सावध झाले होते, चार सेकंद थांबले होते. मेंदूकडून आलेली लाट मात्र ओळखीच्या पातळीखाली होती. यंत्राला तिच्यातून एकही शब्द मिळालेला नव्हता. तरीही जुने यंत्र ठामपणे म्हणाले होते, 'दूध तापवून दे.'

"कुठून आलं हे?" तौफिक तिच्या खांद्यावरून पाहत म्हणाला.

उत्तर सापडायला तिला दुपार लागली.

उत्तर लवकर मिळावे म्हणून वाचासेतू एक तयारी करून ठेवी. दिवसाच्या ज्या प्रहरी रुग्ण जी वाक्ये पूर्वी सर्वांत अधिक बोलला असेल, ती एकामागून एक काढून हाताशी ठेवी. त्यांपैकी एखादे मेंदूच्या लाटेशी जुळले तर पूर्ण वाक्य ताबडतोब उच्चारले जाई. जुळले नाही तर टाकून दिले जाई. लाट ओळखणारा दुसरा भाग आपले उत्तर स्मृतीतील एका मोकळ्या जागेत लिही. लाट ओळखूच आली नाही, तर तो काहीही न लिहिता परत येई. त्या न लिहिलेल्या जागेत काय असावे, याबद्दल सी भाषा गप्प आहे.

"असं बघ," इरावतीने तौफिकला सांगितले. "कॉलेजात एक तास संपला, मास्तर निघून गेले आणि फळा पुसला नाही. पुढच्या तासाचे मास्तर आलेच नाहीत. बाहेरून कोणी डोकावलं तर फळ्यावर लिहिलेलं त्यांनीच लिहिलं असं वाटेल. जुना कंपायलर हे दोन्ही तास कायम एकाच खोलीत घेत होता. पहिल्यानं तयारीचं वाक्य फळ्यावर ठेवलं, दुसरा काही न लिहिता गेला, आणि यंत्रानं फळा मोठ्यानं वाचला."

"आणि नवा कंपायलर?"

"खोलीही वेगळी देतो आणि तास सुरू व्हायच्या आधी फळा पुसतो."

तौफिक हसला नाही. "म्हणजे 'दूध तापवून दे' हे त्या पेशंटनं म्हटलंच नव्हतं."

"एकेकाळी म्हटलं होतं. पुष्कळदा. त्या दिवशी नाही."

त्या फाइलचा इतिहास तिने उघडला. जुन्या कंपायलरने हा धोका हेरला होता. 'ही जागा भरली जाण्यापूर्वीच वाचली जाण्याची शक्यता आहे,' अशी सूचना तो प्रत्येक वेळी देत होता. सहा वर्षांपूर्वी कोणी तरी त्या एका फाइलपुरती ती सूचना बंद करण्याची ओळ घातली होती. शेजारी शेरा होता: 'इथे उत्तर नेहमी भरलेले असते. सूचना निरर्थक.' खाली नाव होते इ. द. चौगुले. नोकरीचे पहिले वर्ष. सूचनांची यादी कोरी दिसली की वरिष्ठ खूश होत.

तिला सकाळचा चहा आठवला. पेपर आला का?

*

दुसऱ्या दिवशी दुपारी आई भाजी आणायला गेली असताना इरावतीने वडिलांच्या यंत्राला केबल जोडली. यंत्र कच्च्या लाटा तीस दिवस ठेवी. त्याआधीची फक्त प्रत्येक दिवसाची सर्वांत उंच लाट नोंदलेली असे. तिने चार वर्षांचा आलेख पडद्यावर आणला. रेषा ओळखीच्या पातळीच्या बरीच वर चालत होती. चौदा महिन्यांपूर्वी, तापाने आजारी पडल्याच्या आठवड्यात, ती तीन दिवसांत खाली उतरली होती आणि पुन्हा वर आली नव्हती.

चौदा महिने.

वडील समोरच होते. डोळे उघडे, नजर तिच्या हातांपाशी कुठे तरी. तिला एकाएकी आठवले की या चौदा महिन्यांत अण्णा आपण होऊन एकदाही काही बोलले नव्हते. विचारले की उत्तर देत, एवढेच. घरातील दोघींपैकी कोणाच्याच हे ध्यानात आले नव्हते, कारण त्यांना पुष्कळ विचारले जात होते.

आणि मग तिला ती गेल्या पावसाळ्यातली संध्याकाळ आठवली. पुण्यातील विनय लग्नासाठी तीन वर्षे थांबला होता आणि आता त्याला हो किंवा नाही हवे होते. त्या संध्याकाळी तिने वडिलांच्या खुर्चीशी बसून विचारले होते, "अण्णा, मी काय करू? इथंच राहू का?" स्पीकर म्हणाला होता, "राहा की. कुणी हाकललंय?" ती रडली होती, हसलीही होती. दुसऱ्या दिवशी तिने विनयला नकार कळवला होता.

तिने त्या प्रहराची तयारीची वाक्ये उघडली. सायंकाळी सहा ते आठ. पहिले वाक्य तेच होते. संध्याकाळी आलेला पाहुणा उठू लागला की अण्णा त्याला नेहमी तेच म्हणत. दूधवाल्यालासुद्धा म्हणत.

तिने लॅपटॉप बंद केला नाही. गेल्या तीस दिवसांच्या कच्च्या लाटा राहिल्या होत्या. त्या अगदी सपाट असतील असे तिने धरले होते. त्या सपाट नव्हत्या. कोणी बोलले की पातळीच्या खूप खाली एक बारीक उठाव येई. यंत्र बोलू लागे, तेव्हा तो उठाव वाढे. यंत्र थांबल्यावरही कधी वीस, कधी चाळीस सेकंद तो चालू राही आणि मग विझे. त्यात शब्द होते, की नुसता जागेपणा होता, की काहीच नव्हते, हे सांगण्याचे कोणतेही शास्त्र तिच्याजवळ नव्हते.

"अण्णा," ती म्हणाली.

"ये, बस," स्पीकर म्हणाला. दुपारी दोनचे वाक्य.

पडद्यावर बारीक उठाव आला, वाढला, आणि बराच वेळ टिकला.

*

विभागप्रमुख प्रभुदेसाई यांनी फोनवर सगळे शांतपणे ऐकून घेतले. ते दुष्ट गृहस्थ नव्हते.

"इरावती, आपण नवं औषध काढत नाही. तेच औषध नव्या बाटलीत भरतोय. जुनं जसं बोलत होतं तसं नवं बोललं पाहिजे. तयारीचं वाक्य उत्तराच्या जागी मुद्दाम ठेवायचं म्हटलं तर किती ओळी लागतील?"

"तीन."

"मग तीन ओळी लिही. सदतीस चाचण्या पास होतील, प्रकरण मिटेल."

"सर, आजवर ती चूक होती. मी ओळी लिहिल्या की ते खोटं होईल."

"किती घरं असतील अशी?"

"प्रत्येक यंत्राची नोंद बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. शेकड्यांत असावीत."

"त्या घरांत कोणी तरी रोज सकाळी त्या एका वाक्यासाठी उठत असेल. ते आपण काढून घ्यायचं? कोणाच्या भल्यासाठी?"

"आमच्याच घरी चाललंय, सर."

प्रभुदेसाई म्हणाले, "सोमवारपर्यंत विचार कर. काय करशील त्यावर तुझं नाव असेल, एवढं ध्यानात ठेव."

*

शनिवारी सकाळी तिने आईला सांगितले. यंत्र बंद करून ठेवले होते. फळ्याचे उदाहरण तिने पुन्हा दिले. शालनबाई गवार मोडत होत्या. मोडता मोडता ऐकत राहिल्या.

"म्हंजे काय, हे बोलत न्हाईत?"

"चौदा महिने झाले, आई. यंत्र त्यांचीच जुनी वाक्यं म्हणतंय."

"आणि काल मला म्हणाले, 'शालन, जरा बस की दोन मिनिटं', ते?"

"तसं ते पूर्वी म्हणायचे."

"मग बसले न्हवं मी. दोन मिनिटं बसले." शालनबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मी मग रोज भांडत हुते कुणाशी?"

इरावतीने ताटातली एक शेंग उचलून मोडली.

"तू केलंस हे?"

"एक ओळ माझी होती. सूचना आली होती, मी ती बंद केली. मला वाटलं, कधी लागणारच नाही."

"शिकलीस एवढी," शालनबाई म्हणाल्या, आणि पुन्हा गवार मोडू लागल्या. मग त्यांनी वर न पाहता विचारले, "राहू दे की तसंच. कुणाचं काय बिघडतंय? मला चालतंय."

"अण्णांचं काय, आई? आपण काही विचारलं की आत काही तरी हलतं. मला वाचता येत नाही ते. कदाचित काहीच नसेल. पण ते हलायला लागलं की यंत्रच मध्ये त्यांच्या आवाजात बोलून टाकतं. त्यांना चहा नको असेल तरी ते कडक चहा मागतं."

शालनबाईंचे हात थांबले. "त्यांच्या तोंडावर?"

"हं."

"आणि त्यांना ऐकू येतंय ते?"

"येत असेल. माहीत नाही."

शालनबाई उठल्या, गवारीचे ताट ओट्यावर ठेवून आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतले. त्या दिवशी त्या मुलीशी बोलल्या नाहीत. नवऱ्याला जेवण भरवताना नेहमी चालू असणारी त्यांची बडबडही त्या दिवशी नव्हती. इरावती दाराशी उभी राहून पाहत होती. आई घास पुढे करी, थांबे, आणि ओठ उघडेपर्यंत हात तसाच धरून ठेवी.

*

सोमवारी इरावतीने ती तीन ओळींची युक्ती लिहिली नाही. तिने एकच ओळ लिहिली: लाट ओळखण्यापूर्वी उत्तराची जागा रिकामी करावी. नव्या कंपायलरला या ओळीची गरज नव्हती, पण उद्या तिसरा कंपायलर आला असता, आणि त्याच्या मर्जीवर ही गोष्ट पुन्हा सोडायची तिची तयारी नव्हती. स्वतःचा सहा वर्षांपूर्वीचा शेरा तिने काढून टाकला. मग त्या सदतीस चाचण्यांची प्रमाण उत्तरे एकेक करून उघडली, आणि प्रत्येकीत 'मौन' अशी नोंद केली.

नियमाप्रमाणे प्रमाण उत्तर बदलायला दोन सह्या लागत.

"सदतीस प्रमाण उत्तरं एका दमात बदलणारी तुम्ही पहिल्याच," तौफिक म्हणाला. त्याने प्रत्येक बदल वाचला, चहा मागवला, पुन्हा वाचला. "ताई, एक विचारू? घरचे म्हणतील, काल बोलत होते, तुमच्या माणसानं केबल लावली आणि गप्प झाले. तुम्ही मारलं म्हणतील."

"म्हणून आधी पत्र जाईल. मग घरी माणूस जाईल, नोंद दाखवेल. मग केबल."

"पत्र कोण लिहिणार?"

तिने पडदा त्याच्याकडे वळवला. पत्र लिहून झाले होते.

'आपल्या घरातील वाचासेतू यंत्रात लवकरच एक बदल करावयाचा आहे. या बदलानंतर काही घरांत यंत्र उत्तर देणार नाही. त्या घरांत यापूर्वी मिळालेली काही उत्तरेही रुग्णाची नव्हती. यंत्र त्यांची जुनी वाक्ये परत म्हणत होते. ही चूक आमची आहे. या मौनाचा अर्थ रुग्ण ऐकत नाही असा होत नाही. तो ऐकतो असाही होत नाही. तेवढे आम्हाला वाचता येत नाही. आमचा माणूस आपल्या घरी येऊन सर्व नोंदी दाखवील. आपण सांगाल त्या दिवशीच बदल केला जाईल.'

"खाली कंपनीचं नाव नाही," तौफिक म्हणाला.

"माझं आहे."

त्याने सही केली. प्रभुदेसाईंनी संध्याकाळी पत्र पाहिले, 'नोंदी दाखवील' यानंतर 'व शंकांचे निरसन करील' एवढे शब्द घातले आणि पुढे पाठवले.

नव्या चिपचा पहिला संच बुधवारी तयार झाला. दत्ताजीरावांच्या गळपट्टीखालचे यंत्र बदलायला अजून महिना होता, परंतु ती एक ओळ जुन्या यंत्रातही घालता येत होती. इरावतीने रजा घेतली. सकाळी दहाच्या सुमारास ती केबल घेऊन खुर्चीपाशी आली आणि आईकडे पाहिले. शालनबाईंनी चार दिवसांत होही म्हटले नव्हते आणि नाहीही. त्यांनी हातातले फडके खुंटीला लावले, ब्रेक काढला, आणि मुलीला केबल जोडणे सोपे जावे म्हणून खुर्ची उजेडाकडे वळवून दिली.

सहा मिनिटे लागली. यंत्र बंद झाले, पुन्हा चालू झाले. इरावतीने नोंद तपासली आणि केबल गुंडाळली.

शालनबाई स्टूल ओढून नवऱ्याच्या समोर बसल्या. पदर सारखा केला.

"अहो," त्या म्हणाल्या, "इरा आज घरीच हाय."

काही झाले नाही. इरावती पिशवी उचलून उठू लागली.

"कुठं चाललीस?" शालनबाई नवऱ्याच्या चेहऱ्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "बस हितं. त्यांना वेळ लागत असेल."

इरावती बसली.